कान धरला तो सिगरेटसाठी

(इयत्ता दहावी, मार्च १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ असा विषय दिला होता. तो मी मागून बदलून घेतला. त्याचं कारण असं, की या उन्हाळ्यात मी आपल्या ग्रुपवर सहज दोन ओळी लिहिल्या होत्या : सिगरेट सोडून तीन वर्षं झाली, आणि सोडताना ॲक्युपंक्चरची मदत झाली. ग्रुपवर तीन अंगठे आले आणि एक प्रश्न, “सुया टोचून सुटते का बे ती?” खासगीत मात्र अकरा जणांचे निरोप आले. बहुतेकांना फक्त पत्ता हवा होता. एकाला वडिलांची विडी सोडवायची होती. आपल्यातल्याच एका मैत्रिणीने लिहिलं, की तीही ओढते आणि घरात कुणालाच माहीत नाही. एकाला तीन महिन्यांपासून खोकला आहे, सुयांनी तो जाईल का, असं त्याने विचारलं. आणि एकाने विचारलं, सुयांनी सिगरेट सुटते तर ब्लडप्रेशरच्या गोळ्याही सोडता येतील ना? हे शेवटचे दोन निरोप वाचल्यावर मला नीट झोप लागली नाही. अकरा जणांना अकरा तुटक उत्तरं देण्यापेक्षा सगळ्यांना एकदम काय ते सांगावं, म्हणून इथे उभी आहे.

माझी गोष्ट थोडक्यात. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. पंचविशीत रात्रपाळीच्या प्रोजेक्टवर होते, समोरची माणसं अमेरिकेत, त्यांची सकाळ म्हणजे आमची रात्र. रात्री दीड वाजता गेटबाहेरच्या टपरीवर सगळी टीम उतरायची. चहा आणि सुटी सिगरेट. खरे निर्णय तिथेच व्हायचे, कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर घ्यायचं हेसुद्धा. हळूहळू दिवसाला दहा झाल्या आणि दहावरच सतरा वर्षं राहिल्या. दिवाळीला सोलापूरला आले की चार दिवस एकही नाही. डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची, आणि आई म्हणायची, “पुण्याच्या हवेची सवय झाली गं तुला, इथलं ऊन सोसत नाही आता.”

आता जरा सोलापूरबद्दल बोलते, कारण हा विषय आपल्या गावात वेगळाच आहे. आपल्या वर्गातल्या निदान सहा-सात जणींच्या घरी विड्या वळल्या जायच्या. दुपारी शाळेतून त्यांच्या घरी गेलं, की आई, काकू, थोरली बहीण मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. तेंदूची पानं भिजवलेली, कात्रीने कापलेली, त्यात चिमूटभर तंबाखू, वळून दोऱ्याची गाठ. हात चालू आणि गप्पाही चालू. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. घरभर तो वास असायचा आणि आपल्याला तो वास म्हणजे मैत्रिणीच्या घराचा वास वाटायचा. पुढे २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. आपल्यातल्या दोघींची आई तिथेच राहायला गेली. तर या गावात बाईने दिवसाला हजार विड्या वळल्या तर ती कष्टाळू, आणि त्यातली एक ओढली तर मात्र बघायलाच नको. माझी आजी सकाळी अंगणात बसून मिश्री लावायची. तिची पितळेची डबी संपत आली की मला दुकानात पिटाळायची. तोही तंबाखूच, पण आजीच्या मिश्रीला कधी कुणी व्यसन म्हटलं नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातल्या प्रौढ बायकांपैकी १४ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. धूम्रपान करणाऱ्या मात्र जेमतेम दोन टक्के. म्हणजे मिश्री आणि चघळायची तंबाखू मोठ्या संख्येने चालते. सिगरेट मोजक्याच जणी ओढतात, आणि ओढतात त्या लपून.

लपून ओढणाऱ्या माणसाला सोडतानाही लपूनच सोडावी लागते, ही त्यातली खरी पंचाईत. पुरुषाने सिगरेट सोडायची ठरवली की घरभर कौतुक होतं. बायको वेलदोडे आणून देते, मुलगा कॅलेंडरवर फुल्या मारतो. आमच्यासारखीने ठरवलं तर सांगायचं कुणाला? आणि “सोडते आहे” म्हणायचं, तर “म्हणजे ओढत होतीस?” हा प्रश्न आधी येतो.

मी ॲक्युपंक्चरकडे गेले ती सिगरेटसाठी गेलेच नव्हते. खांदा धरला होता. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांचा हा ठरलेला आजार. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम दिले, ते चालू होते, पण रात्री झोप लागेना. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पत्ता दिला. बाई साठीच्या असतील. नाडी बघितली, जीभ बघितली, आणि वही उघडून विचारलं, “सिगरेट किती?” ‘ओढता का’ असं नाही. ‘किती?’ पोळ्या किती खाता, त्याच सुरात. मी म्हटलं दहा. त्यांनी १० लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, शौचाला साफ होते का. सतरा वर्षांत माझ्या कुठल्याही डॉक्टरने हे विचारलं नव्हतं. साडी किंवा पंजाबी ड्रेसमधल्या बाईला हा प्रश्न विचारायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच येत नसावं. जाताना बाई म्हणाल्या, “खांद्यासाठी येणारच आहात. सोडायची असेल तर सांगा, कानातही लावू.” मी आठवडाभर विचार केला आणि मार्च २०२२ मध्ये हो म्हटलं.

आता कानाचं सांगते. प्रत्येक कानात पाच बारीक सुया. केसाइतक्या म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण इंजेक्शनच्या सुईच्या मानाने फारच बारीक. सीलबंद पाकिटातून काढायच्या आणि वापरून झाल्या की टाकून द्यायच्या. लावताना डास चावल्यासारखं होतं, एक जागा मात्र झणझणते. मग कान गरम होतो, जड होतो. तसंच खुर्चीत चाळीस मिनिटं बसायचं, मोबाइल बाहेरच्या टोपलीत ठेवायचा. पहिले सहा दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा, असे दोन महिने. वेळ मी संध्याकाळी सहाची मागून घेतली, कारण सहाला माझी सगळ्यात घट्ट सिगरेट असायची, भारतातलं काम संपून अमेरिकेचे कॉल सुरू होण्याच्या मधली. निघताना बाई कानाला मोहरीपेक्षा किंचित मोठ्या बिया छोट्या चिकटपट्टीने लावून द्यायच्या. तलफ आली की त्या दाबायच्या.

त्यामुळे ऑफिसात मीटिंग चालू असताना मी अधूनमधून दोन्ही कान धरून बसलेली असे. एकदा आमच्या मॅनेजरने मीटिंग थांबवून विचारलं, “मॅडम, माफी कशाबद्दल?” मला आपले गणिताचे सर आठवले. सर, तुम्ही समोरच बसला आहात. तुमच्या तासाला कान धरून उठाबशा काढलेले निम्मे वर्गमित्र आज इथे आहेत. त्यांपैकी कुणाची तंबाखू त्याने सुटल्याचं ऐकिवात नाही. (इथे सर हसले, आणि मागच्या रांगेतून ‘सुटली, सुटली’ असा एक आवाज आला. तो आवाज कुणाचा, ते सगळ्यांना कळलं.)

गंमत बाजूला ठेवते. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती अकराही जणांनी ऐकावी. त्या म्हणाल्या, “सुयांवर सोडू नका सगळं. औषधाच्या दुकानातून निकोटिनची च्युइंगम आणा, २ मिलिग्रॅमची.” आपल्या विद्येच्या मर्यादा स्वतःहून सांगणारा उपचारक मिळाला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. ही गोळी चघळायचीही एक रीत आहे. ती बबलगमसारखी चावत सुटायची नाही. हळूहळू चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा चावायची. निकोटिन गालातून रक्तात जातं. घाईने चावून लाळ गिळली तर पोटात जळजळ आणि उचक्या. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, कारण आंबट तोंडात ते नीट शोषलं जात नाही. मला पहिल्या दिवशी उचक्यांनी हैराण केलं, तेव्हा पाकिटातला कागद वाचला.

पहिले तीन दिवस वाईट गेले. निकोटिन रक्तातून लवकर ओसरतं, दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर अगदी रिकामं मागायला लागतं. मी कोड वाचत होते आणि एकच ओळ चार वेळा वाचत होते. तोंड आलं, पोट साफ होईना, रात्री तीनला जाग यायची. पण तलफेची एक लाट आली की ती काही मिनिटांतच उतरते, हे मी घड्याळ लावून मोजलं आहे. एकदा चार मिनिटं, एकदा सहा, दहाच्या वर कधी नाही. दुसऱ्या आठवड्यात लाटा विरळ झाल्या. महिन्याने जेवणाला चव आली, आणि वर्षात पाच किलो वजनही आलं. ते अजून इथेच आहे, तुम्ही बघताच आहात.

आता तो ग्रुपवरचा प्रश्न. सुयांनी सुटते का?

या विद्येशी सोलापूरचं एक दूरचं नातं आहे. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले, हे आपल्याला बाईंनी इतिहासाच्या तासाला सांगितलं होतं. कोटणीस शल्यचिकित्सक होते, सुयांशी त्यांचा संबंध नव्हता. पण त्याच पथकातले त्यांचे सोबती, बंगालचे डॉ. विजयकुमार बसू, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. लुधियानात तर कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चरचं रुग्णालयच आहे. कानात सुया लावून व्यसन सोडवण्याची कल्पना मात्र प्राचीन वगैरे नाही. १९७२ मध्ये हाँगकाँगचे मेंदूचे शल्यचिकित्सक डॉ. वेन यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी व्हाव्यात म्हणून काही रुग्णांना सुया लावून त्यांतून सौम्य वीजप्रवाह दिला. त्या रुग्णांत काही अफूबाज होते. त्यांनी सांगितलं, डॉक्टर, अफूची ओढ कमी झाली. पुढे न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयात हेरॉइनच्या रुग्णांसाठी त्यातून कानाच्या पाच बिंदूंची पद्धत तयार झाली. माझ्या कानात होते ते हेच पाच बिंदू. म्हणजे ही पद्धत माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठी आहे. ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं कुणी सांगून पैसे मागितले तर हे लक्षात ठेवा.

पुराव्याचं म्हणाल, तर २०१४ मध्ये कोक्रेनने, म्हणजे जगभरच्या वैद्यकीय चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, सुया आणि धूम्रपान यांवरचे ३८ अभ्यास एकत्र पाहिले. त्यातली युक्ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. अनेक चाचण्यांत एका गटाला खऱ्या बिंदूंवर सुया लावल्या आणि दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी. पहिल्या काही आठवड्यांत खऱ्या सुयांचा थोडासा फायदा दिसला. सहा महिन्यांनी पाहिलं, तर दोन्ही गटांत भरवशाचा फरक उरला नव्हता. उलट निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या घेणाऱ्यांची सोडण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालेलं आहे. शिवाय डॉक्टरांनी लिहून द्यायची व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं आहेतच.

मग माझी कशाने सुटली? आमच्या धंद्यात एक नियम आहे. बग सापडत नसेल तर एका वेळी एकच बदल करावा आणि तपासावं. पाच बदल एकदम टाकले आणि बग गेला, तर तो कशाने गेला हे परमेश्वरालाही सांगता येत नाही. मी मार्च २०२२ मध्ये सुया, गोळी, टपरीचा रस्ता बदलणं, सहाची वेळ दुसरीकडे घालवणं आणि वहीत लिहिणारी एक बाई, एवढे बदल एकाच दिवशी टाकले. आकडे बघता मी गोळीला जास्त गुण देईन. पण गोळी मला आधीही दुकानात मिळत होती आणि मी कधी आणली नव्हती. आणली ती त्या बाईंनी सांगितल्यावर, कारण दुसऱ्या दिवशी सहाला त्या विचारणार होत्या, “काल किती?” मी ‘शून्य’ म्हटलं की त्या वहीत शून्य लिहायच्या. शाबासकी नाही, काही नाही. त्या शून्यांची रांग बघायला मी जायचे असं मला आता वाटतं. सुयांमुळे मला रोज चाळीस मिनिटं हलता येत नव्हतं, हातात मोबाइल नव्हता, आणि घरी सांगायला एक सरळ वाक्य होतं : “खांद्यासाठी सुया घ्यायला जाते.” लपून ओढणाऱ्या बाईला लपून सोडायला जागा मिळाली. या गोष्टीची चाचणी कुणी कशी घेईल, मला माहीत नाही. चुकीच्या जागी सुया लावलेल्या गटालाही ती जागा आणि ती वही मिळालीच असणार.

आईला मी सोडल्यावर वर्षाने सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तुझ्या आजीचीही मिश्री सोडवायला हवी होती गं. शेवटी तोंड उघडत नव्हतं तिचं.” हे मला कधीच माहीत नव्हतं. आजीला चमच्याने पेज पाजायचे ते म्हातारपणामुळे, अशी माझी समजूत होती. आमच्या घरातल्या बायकांनी ही गोष्ट पंचवीस वर्षं आपापसात ठेवली होती.

आता निरोपांची उत्तरं. ज्याला तीन महिन्यांचा खोकला आहे त्याने सुया विसराव्यात. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, की थुंकी तपासायची आणि छातीचा एक्स-रे काढायचा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी फुकट होते. तू हॉलमध्ये आहेस, मी नाव घेत नाही, पण सोमवारी सकाळी जा. हवं तर मी मुक्काम वाढवते आणि बरोबर येते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुयांच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. माझ्या बाईंनीही कुणाच्या बंद केल्या नाहीत. ज्याचे वडील म्हणतात, विडी पानाची असते, सिगरेटीएवढी वाईट नाही, त्याने त्यांना सांगावं की विडीला फिल्टर नसतो, ती सारखी विझते म्हणून जोराने आणि जास्त वेळा ओढावी लागते, आणि धूर छातीत जायचा तो जातोच. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा पन्नास वर्षं अभ्यास झाला. त्यात साठीला सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं. पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीला सोडणाऱ्यांना नऊ. आपण सगळे पंचेचाळीस-सेहेचाळिशीचे. हिशोब तुमचा तुम्ही करा, गणिताचे सर इथेच आहेत.

आणि ती मैत्रीण. तिच्यासाठी : १८००-११-२३५६. ही सरकारची तंबाखू सोडण्याची फुकट फोनसेवा. समोरचं माणूस फक्त आवाज ऐकतं. घरात कुणाला सांगायची गरज नाही.

पत्ता हवा असेल त्यांना मी पत्ताही देईन, मला त्याची काही अडचण नाही. जेवणानंतर मी जुन्या प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसणार आहे. पर्समध्ये गोळीचं एक पाकीट आणि त्या बियांची एक पट्टी आणली आहे, कशा लावतात ते दाखवते. सर-बाईंच्या देखत यायला लाजणाऱ्यांनी काळजी करू नये, सरांना मी आधीच विचारलं आहे. ते म्हणाले, त्यांनाही तपकीर सोडायची आहे.